पैठणीच्या डोळ्यातला दाब

नवरदेव बग्गीतून उडाला तेव्हा माझ्या तोंडात जिलेबी होती. वरात अजून कार्यालयाच्या दारात पोचायची होती, पण मी आधीच आत जाऊन आचाऱ्याची ओळख काढली होती. विट्याच्या जनावरांच्या दवाखान्यात मला तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि गावातल्या निम्म्या आचाऱ्यांच्या म्हशी माझ्या हातून व्यायल्या होत्या. पहिला घाणा मला मिळायचाच. तर ताटली घेऊन मी दारात येऊन उभी राहिले आणि रस्त्याकडे पाहिलं.

बँड पुढे निघून गेला होता, नाचणारे त्याच्याही पुढे. मागे मोकळ्या रस्त्यात फक्त बग्गी. पांढरी घोडी, लाल गादी, गादीवर फेटा बांधलेला नवरदेव, आणि पुढच्या बाकावर लगाम धरून बाबालालचाचा. घोडी शहाण्या सुनेसारखी खाली मान घालून सरळ येत होती. मग बग्गी डावीकडे सरकायला लागली. घाई नाही, गडबड नाही, एखादा माणूस ओळखीच्या घरी वळतो तशी. डावीकडे रसाचं गुऱ्हाळ होतं. चाक गुऱ्हाळाच्या कट्ट्यावर चढलं, बग्गी कलली आणि नवरदेव जो उडाला तो थेट चिपाडांच्या ढिगात.

"जनावरांची डाक्टरीण कुठाय?" कुणीतरी ओरडलं.

"घोडीला लागलंय का?" मी जिलेबी गिळत धावले.

"घोडीला न्हाई, नवऱ्याला लागलंय. पण दुसरं कोण डाक्टर हितं न्हाई. तुमीच बगा."

मी नवरदेवाचं कोपर चाचपलं. म्हशीच्या मालकाला सांगते तसंच त्याच्या बापाला सांगितलं, "मोडलेलं नाही. दोन दिवस कामाला लावू नका." बापाने मान डोलावली. नवरदेव मात्र माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघत होता.

तेवढ्यात मागे चाबकाचा आवाज झाला.

बाबालाल मुलाणी म्हणजे विट्यातला एकुलता एक बग्गीवाला. साठीच्या आसपासचा, उंच, काटक माणूस. वरातीला पांढरा कोट आणि लाल साफा घालून बसला की नवऱ्यापेक्षा तोच उठून दिसायचा. त्याच्या घोडीचं नाव पैठणी. त्याच्याकडे चाबूक होता, पण त्याला सोनेरी फीत गुंडाळलेली होती आणि तो शोभेचा होता. नऊ वर्षं त्या चाबकाने पैठणीच्या अंगावरची माशीसुद्धा उडवली नव्हती. त्या संध्याकाळी चाचाने तिला दोन मारले. पैठणी हललीसुद्धा नाही. कान मागे पाडून तशीच उभी राहिली.

"चाचा!" मी त्यांचा हात धरला.

"आंदळी झालीया ती, बाई!" चाचा म्हणाले. "तिसरी खेप हाय ही. पयल्यांदा बत्त्या घेतलेल्या बायका आडव्या पाडल्या. मागल्या म्हैन्यात पावण्याच्या मोटारीचा आरसा उडीवला. आन् आता नवरा! समदं डाव्या अंगाला. डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई हिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. घर म्हणजे दोन खोल्या आणि त्यांच्यापेक्षा मोठा तबेला. चाचाची बायको, जैतूनचाची, बुटकी आणि तिखट बाई. तिनं चहाचा कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बगा एकदा त्या घोडीचं. कालपास्नं हे बी जेवलं न्हाईत, ती बी जेवली न्हाई. मी एकटीच गिळाया बसू का?"

मी पैठणीच्या डाव्या बाजूला उभी राहिले आणि अचानक तळहात तिच्या डोळ्यासमोर नेला. पापणी पटकन मिटली. उजवीकडून तसंच केलं. मिटली. कापसाचा बोळा डावीकडून टाकला; तिने मान वळवून तो खाली पडेपर्यंत पाहिला आणि खाण्यासारखा नाही हे बघून सोडून दिला.

"हिला दिसतंय," मी म्हटलं.

"दिवसा दिसत आसंल."

"चाचा, डोळा साफ आहे. पाणी नाही, पांढरं नाही, सूज नाही."

"वरनं साफच दिसतुया, बाई," चाचा म्हणाले. "माजा थोरला भाऊ म्हमूद. त्येचा डोळा बी वरनं साफच हुता. आतनं दाब वाडलेला. काय दुखलं न्हाई, काय खुपलं न्हाई, आन् एक दिवस म्हणला बाबा, दिवा का इजीवलास? दुपारचं बारा वाजलं हुतं." ते थांबले. "काचबिंदू म्हणत्यात त्येला. हिला बी तसंच झालंय. तुमी दाब मोजा."

आता दाब मोजायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं. आमच्या दवाखान्यात थर्मामीटर होता आणि तो कुठे लावतात हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे चाचाने तो लगेच नाकारला असता. मग मी कॉलेजात शिकवलेली जुनी पद्धत वापरली. पैठणीची वरची पापणी मिटवून दोन्ही हातांच्या पहिल्या बोटांनी आळीपाळीने हलकेच दाबून पाहिलं. दगड लागला तर वाईट, कच्चं बोर लागलं तर शंका, पिकलं द्राक्ष लागलं तर ठीक. दोन्ही बाजूंना द्राक्षच होतं.

"ठीक लागतंय," मी म्हटलं.

"बोटानं आंबा बगत्यात, बाई. डोळा न्हवं." चाचाने लगाम खुंटीला टांगला. "जाऊ द्या. आळसंदचा भट्टीवाला आयतवारी येतुया. त्येला विटा वडाया चालंल ती. भट्टीवर वाट एकच आसती, आंदळं जनावर बी चालतंय."

चाची चहाची किटली घेऊन तशीच उभी राहिली. वीटभट्टीवरची जनावरं मी पाहिली होती, त्यांच्या पाठीवरच्या जखमा शिवल्या होत्या. पैठणीच्या आयाळीत अजून काल माळलेला झेंडू अडकलेला होता.

"आणि सोमवारचं लग्न?" मी विचारलं. सोमवारी कोइमतूरच्या गलाईवाल्यांचं लग्न होतं. आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत, पण लग्न करायला गावाकडेच येतात, आणि तेव्हा सगळ्या भावकीला आपण कुठवर पोचलो ते दाखवायचं असतं. बग्गीशिवाय ते दाखवता येत नाही.

"मिरजंहून दुसरं घोडं सांगितलंय," चाचा म्हणाले आणि आत गेले.

"बाई," चाची हळूच म्हणाली, "ते यंत्र कुटं मिळतंय का बगा. घोडी गेली तर हे बी मागनं जातील."

यंत्र कुठे मिळतं ते मला माहीत होतं. म्हणूनच मला ते नको होतं.

विट्यात डोळ्यांचा दवाखाना होता डॉक्टर कुंतिनाथ चौगुलेचा. वर्षभरापूर्वी त्याचं स्थळ मला आलं होतं. कांदेपोहे झाले, त्याने मला आवडीनिवडी विचारल्या, मी खरं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा निरोप आला की मुलगी चांगली आहे, पण गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालते, त्या हाताने आमच्या घरात आरती कशी करणार. माझ्या आईने आठ दिवस तोंड पाडलं होतं. मला स्वतःला मुलाचं काही वाटलं नव्हतं. राग एवढाच की त्या बाईला माझे दोन हात आहेत हे कळू नये? आमचं पुढेही लग्न झालं नाही. हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही उगाच वाट बघत बसाल.

मी केबिनमध्ये शिरले तेव्हा कुंतिनाथ टेबलावरची यंत्रं कापडाने पुसत होता. मला बघून त्याचं कापड थांबलं.

"मगदूम मॅडम! डोळ्यांचं काही?"

"डोळ्यांचंच. पेशंट बाहेरची आहे. नऊ वर्षांची, मादी, वजन साधारण तीनशे ऐंशी किलो."

त्याने खुर्चीत मागे सरून सगळं ऐकलं. मग उठून एकेका यंत्राजवळ गेला. त्याला यंत्रांचा भारी अभिमान होता आणि नाही म्हणण्याआधी ती दाखवायची होती.

"हे सगळ्यात भरवशाचं. हनुवटी इथे टेकवायची, कपाळ या पट्ट्याला, भुलीचा थेंब घालायचा आणि डोळ्याला हे टोक टेकवायचं. पेशंटनं हलायचं नाही, श्वास नेहमीसारखा घ्यायचा."

"पैठणीची हनुवटी यात बसणार नाही. बसलीच तर टेबल तिच्या गळ्यात जाईल."

"हे हवेचं. डोळ्याला काही लागत नाही, नुसता हवेचा झोत मारायचा. पण आवाज होतो. माणसंसुद्धा दचकतात."

"ती दचकली तर यंत्रासकट आळसंदपर्यंत जाईल. तिला तिकडेच धाडायला निघालेत."

"आणि हे वडिलांचं. जुनं, वजनाचं. पेशंटला उताणं झोपवायचं, छताकडे बघायला लावायचं आणि बुबुळावर हे वजन ठेवायचं. डोळा किती दबतो त्यावरून हिशोब."

"घोडी उताणी झोपली तर समजायचं की दाब मोजायची गरज संपली."

कुंतिनाथ हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. पोहे खाताना हसला नव्हता. मग त्याची नजर नकळत कपाटाकडे गेली आणि लगेच परत आली. मी कपाटाकडे बोट केलं.

"त्यात काय आहे?"

"ते नाही द्यायचं."

"म्हणजे तेच हवंय."

शेवटी त्याने ते काढलं. हातातल्या बॅटरीएवढं यंत्र, पुढे टाचणीसारखी तार, तिच्या टोकाला मोहरीएवढा गोल दाणा. "पुण्याहून आणलंय. थेंब लागत नाही, झोपायला लागत नाही. हा दाणा बुबुळाला टेकतो न टेकतो आणि मागे फिरतो. भिंतीवर चेंडू मारल्यासारखं. भिंत मऊ असली तर चेंडू सावकाश परत येतो, कडक असली तर झटक्यात. त्यावरून आकडा. लहान मुलांना, हट्टी म्हाताऱ्यांना एकदम सोपं." तो थांबला. "पण घोड्याच्या डोळ्याला लावलेलं हे मी माणसाला कसं लावू?"

"तार दर वेळी नवी असते ना? बदलायची असते?"

"असते," तो नाइलाजाने म्हणाला. मग यंत्राकडेच बघत: "घोड्याचा नॉर्मल किती असतो हो?"

तिथे मी ओळखलं की तो येणार.

शनिवारी दुपारी आम्ही तबेल्यात गेलो. कुंतिनाथ इस्त्रीचा शर्ट आणि बूट घालून आला होता आणि पैठणीपासून एवढ्या अंतरावर उभा राहिला होता की तिचा दाब दुर्बिणीतूनच मोजता आला असता.

"चावते का?"

"न्हाई," चाचा म्हणाले. "पर लाथ मारती का ते इचारा."

"मारते?"

"अजून कुणाला मारली न्हाई. पर डोळ्याचा डाक्टर बी अजून कोण आला न्हवता."

मी पैठणीच्या तोंडावरची मोरखी, म्हणजे दोरीची म्होरकी, धरली. पैठणीची मान वर उचलून धरायला लागते. मान खाली असली की डोळ्यातला दाब आपोआप वाढतो. पापणी उघडतानाही डोळ्यावर बोट पडता कामा नये, नाहीतर आपणच दाब वाढवून बसतो. हे सगळं मी कुंतिनाथला ऐटीत सांगितलं. त्याने यंत्र चालू केलं. ते टीक् टीक् वाजलं. आणि चाचा मध्ये येऊन उभे राहिले.

"थांबा. आदी माज्यावर करून दावा."

"चाचा, काही होत नाही."

"हुत न्हाई तर मग करा की. माज्या घोडीच्या डोळ्यात कायबी घालू देणार न्हाई मी."

"उद्या भट्टीवाल्याला द्याया निघाल्यात," चाची दारातून म्हणाली, "आन् आज डोळ्याला जपत्यात."

चाचाने तिकडे बघितलंच नाही. खाटेवर ताठ बसले, टोपी सारखी केली, डोळे मोठे केले. कुंतिनाथ हायसं वाटून पुढे झाला. हा प्राणी त्याच्या ओळखीचा होता. उजव्या डोळ्यासमोर यंत्र धरलं. टीक्, टीक्, टीक्. आकडा बघितला. मग डावा. टीक्, टीक्.

त्याने यंत्र हलवून पाहिलं. तार बदलली. डावा डोळा परत मोजला. मग आणखी एकदा.

"काय दुखलं न्हाई," चाचा खूष होऊन म्हणाले. "गुदगुली बी न्हाई. किती आला?"

"सांगतो," कुंतिनाथ म्हणाला. "आधी घोडी बघू."

त्याचा आवाज बदललेला होता. मघापर्यंत घोडीला भिणारा माणूस सरळ तिच्या जबड्याशी जाऊन उभा राहिला. मी मान धरली. पैठणीने एकदा फुर्र केलं, त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर हिरवट तुषार उडाले, त्याने ते पुसलेसुद्धा नाहीत. डावा बावीस. उजवा तेवीस.

"घोड्याला किती चालतो?"

"तिशीपर्यंत काही नाही."

"मग घोडी ठणठणीत आहे," कुंतिनाथ म्हणाला.

"ठणठणीत आसंल तर डावीकडं का जाती?" चाचा खाटेवरून उठले. "का जाती ते सांगा. म्या हाकतुया सरळ!"

चाचीही आत येऊन खाटेवर टेकली. कुंतिनाथने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चाचा, जरा बसा. माझ्या नाकाकडे बघा. उजवा डोळा हाताने झाका. हां. आता नाक दिसतंय?"

"जरासं. धुकं पडल्यागत."

कुंतिनाथने आपला हात चाचाच्या डावीकडे वर धरला. चार बोटं. "किती बोटं?"

"कुटं?"

"इकडे. डावीकडे."

"आवो बोटं ऱ्हाऊ द्या, हात कुटाय तुमचा?"

हात चाचाच्या कानापासून वीतभर अंतरावर होता. कुंतिनाथने तो हळूहळू पुढे आणला, नाकासमोर येईपर्यंत चाचा काही बोलले नाहीत.

"आता उजव्यावरचा हात काढा. दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडेच बघा." मग कुंतिनाथ हलक्या आवाजात म्हणाला, "डावीकडे कोण आहे?"

"कोण न्हाई. भित हाय."

"मी हाय," चाची म्हणाली.

चाचा असे दचकले की टोपी पडली. वळून बघितलं. "तू कवा आलीस?"

"मी मगापास्नं हितंच हाय," चाची म्हणाली. "तुमच्या मांडीला मांडी लावून."

पैठणीने शेपटी उडवली. मला कळलं तसं चाचालाही कळलं.

"म्हमूदचं?"

"तेच," कुंतिनाथ म्हणाला. "घराण्यात असतं. डावा त्रेचाळीस, उजवा सव्वीस. एकवीसच्या वर असायला नको. डाव्यातली नजर बहुतेक गेलीय. उजवा डोळा दोघांचं काम करत होता म्हणून तुम्हाला पत्ता लागला नाही. चाचा, गेलेलं परत येत नाही. पण उजवा राखता येतो. थेंब आहेत, रोज घालायचे. सोमवारी दवाखान्यात या, नीट तपासू."

चाचाने ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते म्हणाले, "म्या तिला मारली."

चाची मात्र वेगळ्याच गावाला पोचली होती. तिचे डोळे भरले होते आणि ती भांडायला उठल्यासारखी कमरेवर हात ठेवून उभी होती. "वरीस झालं! वरीस झालं, मी हेंच्या डावीकडं बसती, हे माज्याकडं ढुंकून बगत न्हाईत. ताट वाढलं तरी बगत न्हाईत. ईदंला नवी साडी नेसून बसली, बगितली न्हाई. मी म्हटलं म्हाताऱ्याच्या मनातनं उतरली मी. रातीची रडत हुती! आन् दिसतच न्हवतं व्हय तुमाला? मंग सांगायचं न्हाई?"

"मलाच कुटं म्हाईत हुतं?" चाचा म्हणाले.

"उजवीकडं बसली आसती की मेली!"

कुंतिनाथ एकदम बाहेर जाऊन आपल्या शर्टावरचे डाग बघायला लागला.

चाचा उठून पैठणीजवळ गेले. चालताना भिंतीला खांदा घासला. आता कळल्यावर ते सगळं दिसत होतं. इतके दिवस कुणाला दिसलं नव्हतं, मलासुद्धा. मी तिचे डोळे बोटांनी चाचपत होते आणि डोळा माझ्या शेजारी उभा होता. चाचाने तिच्या मानेवर हात ठेवला. चाबकाचे वळ तिथेच जरा मागे होते.

"बाई," त्यांनी मला विचारलं, "हिला कसं सांगायचं?"

पाच वर्षं कॉलेजात काढली, सगळे रोग पाठ केले, पण हा धडा आम्हाला नव्हता. चाचा तिच्यासमोर बोडक्या डोक्याने, हातात टोपी घेऊन उभे राहिले, फौजदारासमोर उभे राहावं तसे. पैठणीने टोपी हुंगली आणि तिचा काठ दातांत धरून चावायला सुरुवात केली.

"खा," चाचा म्हणाले. "खा, बाळ. टोपीच खा." आणि तोंड तिच्या आयाळीत लपवलं.

रविवारी आळसंदचा भट्टीवाला टेम्पो घेऊन आला. मी मुद्दाम सकाळीच जाऊन बसले होते. चाचाने त्याला खाटेवर बसवलं, चहा दिला, आणि म्हणाले, "घोडीत खोट न्हाई निघाली, पावणं. खोट मालकात निघाली. मालक न्यायचा आसंल तर बोला."

भट्टीवाल्याने चाचाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. खरंच विचार करतोय असं वाटायला लागलं तेवढ्यात चाची आतून म्हणाली, "न्हेऊ नका. लई खातंय."

आता प्रश्न सोमवारचा. घोडी होती, बग्गी होती, हाकणारा नव्हता. मिरजेचं घोडं येत होतं, त्याच्यासोबत माणूस नव्हता. चाचाने दोघातिघांची नावं काढली. एक पिणारा, एक भिणारा, एकाला ट्रॅक्टरशिवाय काही येत नव्हतं.

"मी हाकती," चाची भाकरी थापता थापता म्हणाली.

"गप."

"माजा बाप मिरज टेसनावर टांगा हाकत हुता. तुमी लगीन करून आणलं तवा टांगा कोण हाकत आलतं, इसरला? बाप मागं बसून रडत हुता आन् मी म्होरं लगाम धरून."

चाचा विसरले नव्हते. ते म्हणाले, "तवा लई जोरात हाकला हुतास."

"तवा घाई हुती," चाची म्हणाली.

सोमवारी दुपारी कुंतिनाथने चाचाची नीट तपासणी केली, थेंबांची बाटली दिली, चाचीला थेंब घालायला शिकवलं, आणि पैसे विचारल्यावर म्हणाला की घोडीच्या तपासणीत सगळं आलं. ती बाटली, तिच्या जागी दुसरी, तिसरी. तेरा वर्षं झाली, चाचाचा उजवा डोळा अजून शाबूत आहे. पेपरातली मोठी अक्षरं वाचतात आणि बारीक अक्षरांना शिव्या घालतात.

संध्याकाळी बग्गी गलाईवाल्यांच्या दारात उभी राहिली. पैठणीच्या कपाळाला गोंडा, आयाळीला ताजा झेंडू. बाकावर उजवीकडे चाची, ईदची ती न बघितलेली साडी नेसून, पदर कमरेला खोचून. तिच्या डाव्या हाताला चाचा, पांढरा कोट, लाल साफा. अशी बसली की ती त्यांना पूर्ण दिसावी.

नवऱ्याचा कोइमतूरचा मामा सोन्याची साखळी सावरत पुढे आला. "हे काय? बाई हाकणार बग्गी? आमच्यात असं चालत नाही. चाचा, तुम्ही धरा लगाम."

"धरतो की," चाचा शांतपणे म्हणाले. "पर मला डावीकडचं दिसत न्हाई. डाव्या अंगाला काय आलं तर तेवढं तुमी वरडा."

मामाने डावीकडे बघितलं. डावीकडे जनरेटरची गाडी होती, तिच्यापुढे उघडं गटार होतं, आणि गटारापलीकडे त्याची स्वतःची नवी मोटार उभी होती.

"मावशी," मामा म्हणाला, "तुम्ही सावकाश चला."

बँड वाजला. चाचीने जिभेने टॉक केलं आणि पैठणी निघाली. ती पहिल्यापासून हाकणाऱ्याच्या हाताप्रमाणेच चालत होती. आता हात सरळ होता, तीही सरळ. मी बाजूने चालत होते, मला त्या दिवशी जिलेबीचीसुद्धा शुद्ध नव्हती. चौकापर्यंत चाचाने एक क्षण तोंड मिटलं नाही. "ढिला सोड. आता वड. आगं, वळण आलं. सरळ! सरळ!"

"गप बसा," चाची समोर बघत म्हणाली, "न्हाईतर मागं नवऱ्याशेजारी बसवीन."

चौक ओलांडल्यावर चाचा खरंच गप्प झाले. मला काळजी वाटली. थेंबांनी काही झालं की काय, की मनाला लागलं? मी उजवीकडून पुढे होऊन त्यांना दिसेन अशी आले. ते मान उंच करून बँडच्या पुढे बघत होते, तोंड किंचित उघडं.

"काय झालं, चाचा?"

"बाई," ते म्हणाले, "तीस वर्सं म्या वराती काढल्या. पर माजं ध्यान कायम घोडीच्या कानावर. वरात कशी आसती ते आज बगतुया." मग पुन्हा समोर बघितलं, नवऱ्याचा मामा साखळी दातात धरून नागीण झाला होता आणि चार माणसं त्याच्यापुढे पुंगी वाजवत होती. चाचाने बराच वेळ, एका डोळ्याने, मनापासून ते पाहिलं.

"लई वंगाळ नाचत्यात ओ लोकं," ते म्हणाले. "जैतून, जरा हळू हाक. बगू दे."